तंबूतला गायक, टपरीतला निवेदक

‘द ग्रेट अमेरिकन ब्रॉडकास्ट’ हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा १९४१चा चित्रपट. दोन मित्र (जॉन पेन आणि जॅक ओकी), दोघांच्याही मनात भरलेली गायिका (अ‍ॅलिस फे), एक पैसेवाला (सीझर रोमेरो) आणि नुकतंच जन्माला आलेलं रेडिओ नावाचं खूळ. गोष्ट यथातथाच आहे. पण रेल्वे फलाटावर निकोलस बंधू नाचायला लागले की गोष्टीची आठवण कोणाला राहते? गंमत पुढेच आहे. ज्या काळावर हा चित्रपट बेतलाय, त्या काळात खरोखर काय चाललं होतं हे पाहू गेलं, की हॉलिवूडच्या लेखकांनी फारच हात आखडता घेतला असं वाटू लागतं.

पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राचंच पाहा. २ नोव्हेंबर १९२० रोजी या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले आणि नाव कमावलं. निकाल वाचणं सोपं होतं, संगीत मात्र जमेना. सभागृहात वाद्यवृंद बसवला, तर ऐकणाऱ्यांना नुसता घुमारा ऐकू येई. खोलीत सूर वाजला की तो भिंतींवर, छतावर आपटून पुन्हापुन्हा परततो. आपण समोर बसलेलो असतो तेव्हा दोन कान आणि मेंदू मिळून त्यातला मूळ सूर वेगळा काढतात, परतलेल्या सुरांकडे काणाडोळा करतात. हे काम इतकं गुपचूप चालतं की खोलीला स्वतःचा आवाज असतो हे आपल्या गावीही नसतं. मायक्रोफोनला ही निवड करता येत नाही. तो आलेलं सगळं जसंच्या तसं पुढे ढकलतो.

मग भिंतीच नकोत! वादकांना केंद्राच्या मालक वेस्टिंगहाउस कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं, वर तंबू ठोकला. सूर एकदम स्वच्छ झाले. मात्र त्यांच्यासोबत जवळून जाणाऱ्या आगगाडीची शिटीही प्रक्षेपित होऊ लागली आणि एकदा तर गाता गाता एका गायकाच्या तोंडात किडा शिरला. अखेर वाऱ्याने तंबूच उडवला, तेव्हा कोणाला तरी तो खालीच, खोलीच्या आत उभारायची बुद्धी झाली. आणि काय आश्चर्य, घुमारा नाहीसा! गच्चीवर भिंती नव्हत्या म्हणून आवाज परतत नव्हता. इथे भिंती होत्या, पण वाटेत कापड होतं. कापडाच्या बारीक छिद्रांमधली हवा आवाजाबरोबर हलते, तंतूंना घासते आणि आवाजाची ऊर्जा किंचितशी ऊब होऊन विरून जाते. पुढे कित्येक वर्षं स्टुडिओच्या भिंतींवर जाडजूड पडदे टांगलेले असत, त्यांचा पूर्वज हा वाऱ्याने उडालेला तंबू.

चित्रपटातले मित्र १९१९ची टोलीडो इथली विलर्ड-डेम्प्सी मुष्टियुद्धाची लढत रेडिओवर ऐकवतात. प्रत्यक्षात असा मोठा प्रयोग झाला तो २ जुलै १९२१ रोजी, जर्सी सिटीतल्या डेम्प्सी-कार्पेंटिये लढतीच्या वेळी. रिंगणाजवळ लढतीचं वर्णन करायला मेजर अँड्र्यू व्हाइट टेलिफोन घेऊन बसले होते. पण त्यांचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोचलाच नाही. ते बोलत ते तारेवरून होबोकेनच्या रेल्वे स्थानकात जाई. तिथे एका पत्र्याच्या टपरीत जे. ओ. स्मिथ नावाचा तंत्रज्ञ तेच पुन्हा प्रक्षेपकासमोर बोले. एकही ठोसा न पाहिलेल्या माणसाच्या तोंडून हजारो लोकांनी ती लढत ‘पाहिली’. ही टपरी म्हणजे रेल्वेच्या हमालांची कपडे बदलायची जागा. चित्रपटात ‘इंक स्पॉट्स’चे गायक हमालांच्याच वेशात गातात, तो योगायोग असावा; पण मला मोठा आवडतो. प्रक्षेपक इतका तापला होता की डेम्प्सीने चौथ्या फेरीतच लढत संपवली ते बरंच झालं.

चित्रपटाचा शेवट देशभर एकाच वेळी ऐकू जाणाऱ्या कार्यक्रमाने होतो. पडद्यावर ते सहज वाटतं. खरी हिकमत जमिनीवरच्या तांब्याच्या तारांत होती. प्रत्येक केंद्राच्या लहरी ठरावीक टापूतच खात्रीने पोचत. म्हणून कार्यक्रम एका केंद्राकडून दुसऱ्याकडे टेलिफोनच्या तारांवरून जाई, आणि शेवटच्या टप्प्यात तेवढा हवेत चढे. शेकडो मैलांच्या तारेत आवाज झिजून जातो. त्यावर उपाय म्हणजे ट्रायोड, तीन भागांचा काचेचा दिवा. तापलेल्या तंतूकडून पट्टीकडे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वाहतो. मधल्या बारीक जाळीवर आलेला क्षीण संदेश पाटाच्या दाराने पाणी कमीजास्त करावं तसा त्या मोठ्या प्रवाहाला कमीजास्त करतो. थकलेला आवाज असा वाटेत ठिकठिकाणी पुन्हा धष्टपुष्ट होई. याच युक्तीवर १९१५ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला होता.

१५ नोव्हेंबर १९२६ रोजी एनबीसी या अशाच तारांनी जोडलेल्या रेडिओ केंद्रांच्या जाळ्याचा पहिला कार्यक्रम न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातून झाला. गायिका मेरी गार्डन मात्र शिकागोहून गायली आणि विनोदवीर विल रॉजर्स कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्सहून बोलला. रेडिओवरून हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांपर्यंत त्या दोघांचे आवाज आले ते एटी अँड टी या टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या तारांवरून.