डब्बा टीव्हीचे रंग बिघडले? शाहूपुरी गाठण्याआधी घरी एवढं बघा

शाहूपुरी (कोल्हापूर) : आवाज नीट येतो, चित्रही हलतं, पण बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा हिरवा दिसतो. नाहीतर पडद्याच्या एका कोपऱ्यात जांभळा डाग पडलेला असतो. जुन्या डब्बा टीव्हीचं हे दुखणं गावोगावी आहे. मग राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडची माणसं वीस किलोचं धूड वडापमध्ये घालून कोल्हापूरला आणतात. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली शाहूपुरी एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनला लागून आहे, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाला ती सोयीची पडते. पण रंगाचे बरेच बिघाड टीव्हीत नसतातच. ते वायरीत, सेटिंगमध्ये किंवा शेजारी ठेवलेल्या स्पीकरमध्ये असतात. तेवढ्यासाठी भाडं आणि दिवस घालवायचं कारण नाही.

पहिली तपासणी फुकटची आहे. टीव्हीच्या रिमोटवरचं मेनू बटण दाबा. सेटटॉप बॉक्सचा रिमोट नको, टीव्हीचाच घ्या. मेनूची अक्षरं रंगीत दिसतात आणि मागचं चित्र मात्र काळं-पांढरं असेल, तर आधी बाहेरचं सामान तपासा. मेनूचेच रंग चुकीचे दिसत असतील, तर दोष पिक्चर ट्यूबकडे आहे.

चित्र काळं-पांढरं का होतं, यामागे गंमत आहे. दूरदर्शनने १५ ऑगस्ट १९८२ ला रंगीत प्रक्षेपण सुरू केलं, त्याच वर्षी दिल्लीत एशियाड झालं. तेव्हा घरोघरी काळे-पांढरे सेट होते, तेही चालले पाहिजेत अशीच ही पद्धत आहे. मूळ चित्र काळं-पांढरं आणि रंग त्याच्यावर वेगळा चढवलेला. म्हणून सिग्नल कमी पडला की आधी रंग जातो, चित्र मागे राहतं. केबलचा जोड गंजला, पिवळी पिन सैल झाली, वायर उंदराने कुरतडली की हेच होतं. पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. पिना काढून कोरड्या कापडाने पुसा, थोड्या फिरवून घट्ट बसवा. शेजारच्याची वायर दहा मिनिटं मागून आणून लावून बघितली तरी उलगडा होतो.

वायर चांगली असेल तर सेटिंग बघा. आपल्याकडची रंगाची पद्धत पॅल. सेटटॉप बॉक्समध्ये किंवा डीव्हीडी प्लेअरमध्ये पोरांनी बटणं दाबता दाबता ती एनटीएससी केली, तर बऱ्याच जुन्या टीव्हींवर चित्र काळं-पांढरं होतं किंवा उड्या मारतं. बॉक्सच्या मेनूत व्हिडिओ किंवा टीव्ही सिस्टीम असं जे असेल तिथे पॅल करा. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टीम ऑटो किंवा पॅल ठेवा. कलरचा आकडा कुणी शून्यावर नेलाय का, तेही त्याच जागी दिसतं. एवढं सगळं करूनही रंग येत नसेल तर मात्र टीव्हीच्या आतला रंगाचा भाग गेलेला असतो.

आता कोपऱ्यातला डाग. जांभळा, हिरवा, कधी निळसर. चित्र बदललं तरी तो जागचा हलत नाही. काचेच्या आत बारीक भोकांची लोखंडी जाळी असते. मागून येणारे लाल, हिरवे, निळे असे तीन किरण त्या भोकांतून आपापल्या ठिपक्यावर पडतात. जाळीला चुंबक लागलं की किरण वाकतात आणि लाल किरण हिरव्या ठिपक्यावर पडतो. डाग पडतो तो असा. मोठा स्पीकर टीव्हीला चिकटून ठेवला, वजनदार स्टॅबिलायझर शेजारी आला किंवा मुलांनी फुटक्या स्पीकरचं चुंबक काचेवर फिरवलं की हे ठरलेलं. दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीची दिशा बदलली तरी थोडा फरक पडतो, कारण पृथ्वी स्वतःच चुंबक आहे.

उपाय टीव्हीतच दिलेला आहे. ट्यूबभोवती तारेचं वेटोळं असतं, त्याला डिगॉसिंग कॉइल म्हणतात. टीव्ही मेन बटणावरून चालू केला की ते क्षणभर घुमतं आणि चुंबक उतरवतं. आपल्याकडे मात्र टीव्ही रिमोटने बंद करायची सवय, मेन बटण महिनोन्महिने चालूच. तसं असेल तर बऱ्याच सेटमध्ये हे वेटोळं काम करतच नाही. त्यामुळे स्पीकर दोन-तीन फूट लांब करा, मेन बटण बंद करा, अर्धा तास थांबा आणि मग चालू करा. मध्ये थांबायचं कारण, कॉइलचा एक भाग तापतो आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा काम देत नाही. दिवसात चार-पाच वेळा केलं की साधा डाग फिका पडत जातो. (लाईट वारंवार जाणाऱ्या गावात हे काम महावितरण आपोआप करून देतं.) तरी डाग राहिला तर मेकॅनिककडची हातातली कॉइल फिरवून घ्यावी, तेवढ्यासाठी टीव्ही उघडावा लागत नाही. टीव्ही कधी जोरात आपटला असेल, तर जाळीच वाकलेली असू शकते, मग तो डाग जात नाही.

सगळा पडदाच एका रंगाचा झाला तर गोष्ट वेगळी. लाल गेला की चित्र निळसर-हिरवं दिसतं, हिरवा गेला की गुलाबी-जांभळं, निळा गेला की पिवळं. रंग मधूनच येतो-जातो असं असेल तर ट्यूबच्या मागच्या छोट्या बेस प्लेटवर डाग सुटलेला असतो. हे काम तसं किरकोळ. पडदा एकाच रंगाने भगभगीत होऊन आडव्या रेषा दिसल्या, तर टीव्ही लगेच बंद करा.

मागचं झाकण घरी उघडू नका. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून शिरोळच्या गावांपर्यंत घरांत पाणी शिरलं होतं. पाण्यात भिजलेला सेट उन्हात वाळवून लगेच प्लग लावायचा नसतो. आत गाळ बसलेला असतो, तो आधी मेकॅनिककडून साफ करून घ्यावा लागतो.

मेकॅनिकने ट्यूब गेली असं सांगितलं, तर डब्बा टीव्हीवर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. त्याआधी एकच विचारा, बेस प्लेटचे डाग पुन्हा दिले का आणि कॉइल फिरवली का. टीव्ही भंगारात द्यायचा झाला तर अख्खा, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तांब्यासाठी ट्यूब बांधावर फोडू नका. आत हवा नसल्याने काच आतल्या बाजूला फुटून उडते, आणि त्या काचेत शिसं असतं.