कोळसा आपोआप सरकणारा स्मोकर: दुधनीच्या वर्कशॉपमध्ये कसा बनवाल?



धुरावलेलं पनीर, मक्याचं कणीस, तंदूरपेक्षा वेगळ्या चवीचं चिकन विकायचा विचार अनेकांच्या डोक्यात आहे. दुधनीला तर बाजार समितीमुळे येणारा-जाणारा माणूस आहे, आणि रेल्वेने अक्कलकोट रोड व गाणगापूर रोड या दोन्ही स्टेशनांच्या मध्ये गाव पडतं. गिऱ्हाईक मिळेल. पण खरी अडचण वेगळीच आहे. दर वीस मिनिटांनी कोळसा घालायचा म्हटलं, तर सहा तासांत अठरा वेळा उठावं लागतं. मग मसाला कोण लावणार, पैसे कोण घेणार? एकट्या माणसाचा धंदा इथेच अडकतो.

म्हणून आज बघू, स्वतःच कोळसा खाली घेणारा स्मोकर.

आधी घरचा बंब आठवा

बंबाच्या मधल्या नळीत वरून लाकूड टाकतो, खाली जाळी, त्याखाली राख. आपला स्मोकर याच घरातला, फरक एवढाच की कोळशाची नळी वरून घट्ट बंद असते. हवा फक्त जाळीखालून येते. त्यामुळे जळतो तो फक्त तळाचा कोळसा. तो जळून बसला की वरचा स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. मोटर नाही, वीज नाही.

तळाशी, जाळीच्या थोडं वर, नळीच्या बाजूला एक खिडकी ठेवायची. तिथून गरम हवा आणि धूर शेजारच्या पेटीत जातो, मालावरून फिरतो आणि पेटीच्या चिमणीतून बाहेर पडतो.

मापं

- कोळशाची चौकोनी नळी: 15 सेंमी × 15 सेंमी, उंची 60 सेंमी. यात साडेतेरा लिटर जागा होते, म्हणजे साधारण 3 किलो कोळसा. तासाला अर्धा किलो जळला तर सहा तास निघतात.
- पत्रा: 3 मिमी एमएस. निखाऱ्याजवळचा वीतभर भाग 5 मिमीचा घ्या.
- हवेसाठी दीड इंची पाईप आणि बॉल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह आगीपासून लांब बसवा, आतला सील उष्णतेने वितळतो.
- चिमणी: 3 इंची.
- मालाखाली तेल-चरबी पडायला ट्रे. तो नसेल तर चरबी पेट घेते.

जीआय पत्रा किंवा पाईप अजिबात वापरू नका. त्यावरचं जस्त तापलं की विषारी धूर सोडतं. पेटीसाठी ड्रम घेणार असाल तर खाद्यतेलाचाच घ्या. केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी नको. आतून रंगही मारायचा नाही.

झाकण हाच जीव

माझा पहिला स्मोकर इथेच फसला. झाकणाला बारीक फट होती. तिथून हवा शिरली, नळीतला सगळाच कोळसा पेटला आणि माल करपला. तेव्हा कळलं, यात आपण कोळसा सांभाळत नाही, हवा सांभाळतो. म्हणून झाकणाला काचतंतूची दोरी लावा, वरून आवळणारा क्लॅम्प द्या. ॲस्बेस्टॉसची दोरी नको, तिचे तंतू फुप्फुसात जातात.

पेटी 110 ते 120 अंशांवर ठेवायची. व्हॉल्व्ह थोडासाच फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. घाई केली की तापमान वर-खाली नाचत राहतं.

कोळसा अडकला तर?

मोठे तुकडे नळीत कमान धरतात आणि खाली येतच नाहीत. म्हणून तुकडे 3-4 सेंमीचे करा, चुरा चाळून काढा. नळी खाली किंचित रुंद ठेवली तर आणखी बरं.

धुरासाठी कोळशाच्या थरांत आंबा, पेरू किंवा वेड्या बाभळीचे वाळलेले छोटे तुकडे घाला. आपल्या सीमेवर कन्नडात जिला बळ्ळारी जाली म्हणतात, तीच ही. अमेरिकेत बार्बेक्यूला वापरतात ते मेस्किट याच कुळातलं झाड! कडुलिंब, पॅकिंगची किंवा पॉलिश केलेली लाकडं नकोत. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे. दाट पांढरा धूर माल कडू करतो.

जिवाशी खेळ नको

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद गाळ्यात, शटर अर्धं ओढून हा स्मोकर कधीच चालवू नका. मध्येच झाकण उघडायचं असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करा, बाजूला उभे राहा, झाकण हळूच उचला. एकदम हवा मिळाली की भडका उडतो. चिकन शिजलं की नाही हे रंगावर ठरवू नका. काट्याच्या थर्मामीटरने आतलं तापमान 74 अंश बघा. काम संपलं की हवा आणि चिमणी दोन्ही बंद करा, निखारे विझतात आणि उरलेला कोळसा उद्या चालतो.

आता हिशेब

समजा कोळसा 50 रुपये किलो. 3 किलोचे 150. तीस प्लेटा गेल्या तर प्लेटमागे 5 रुपये. तुमच्या गावचा भाव घालून हेच गणित वहीत मांडा. खरी बचत मात्र कोळशात नाही, मोकळ्या झालेल्या हातांत आहे.

एक विनंती. वेल्डरकडे जाण्याआधी कागदावर आकृती काढा. स्मोकर झाला की पहिले तीन दिवस रिकामा चालवा आणि दर अर्ध्या तासाला तापमान लिहा. तो सहा तास स्थिर राहिला, तरच माल भरा. विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या.

तुमची आकृती तयार झाली की फोटो पाठवा, पुढच्या व्हिडिओत मिळून तपासू. लागा कामाला!