एका मिलिमीटरची हद्द

लोणावळ्याजवळ वलवणला जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर रात्रीची नाकाबंदी लागली आहे, असं समजा. बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या फौजदाराच्या कमरेला ९ मिमी पिस्तूल आहे. तो ज्या गाडीची काच खाली घ्यायला सांगतो, त्या गाडीतल्या शेठकडेही पिस्तूल आहे, रीतसर परवान्याचं, .३२ बोअरचं. दोन्ही काळी, दोन्ही मुठीत मावणारी. एकाच्या गोळीचा व्यास ९.०१ मिलिमीटर, दुसऱ्याच्या ७.९४. फरक एका मिलिमीटरहून किंचित जास्त. पण पोलिसांचं हत्यार कोणतं आणि नागरिकाचं कोणतं, हे आपल्याकडे मुख्यतः तेवढ्यावरच ठरतं.

आता हा मिलिमीटर काय करतो ते पाहा. .३२ पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची, ९ मिमीची साडेसात ग्रॅमची. पहिली सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने सुटते, म्हणजे आवाजाच्या मागेच राहते. दुसरी ३६५ मीटरच्या आसपास, आवाजाला मागे टाकून. पदार्थविज्ञानाच्या हिशेबात वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे ऊर्जा जाते १७५ ज्यूलवरून थेट ५०० ज्यूलवर. एक किलोचं वजनाचं माप सहाव्या मजल्यावरून पडलं तर जमिनीवर जो दणका बसेल तो .३२चा, तेच माप सतराव्या मजल्यावरून पडलं तर ९ मिमीचा. व्यास सातवा हिस्सा वाढला, तडाखा जवळजवळ तिप्पट झाला.

शिवाय गोळ्या किती, हाही प्रश्न आहेच. पोलिसांचं ९ मिमी पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, मूळ घडण बेल्जियमच्या ब्राउनिंग हाय-पॉवरची. मॅगझिनमध्ये १३ राउंड. नागरिकाला मिळणारं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं. २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून वाजतगाजत बाजारात आलं, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. एवढ्या पैशात कोणत्या बाईचं रात्रीचं येणं-जाणं सुरक्षित होणार होतं, ते सरकारच जाणे.

शस्त्र कायदा १९५९ सालचा, पण विचार इंग्रजांच्या काळातला: लष्कराच्या आणि पोलिसांच्या बोअरचं हत्यार रयतेकडे नको, म्हणजे सरकारी कोठारातून काडतुसं पळवली तरी ती बाहेरच्या बंदुकीत बसणार नाहीत. म्हणून ९ मिमी, .३८, .४५५, .३०३ हे सगळे प्रतिबंधित बोअर. इटलीनेही कित्येक वर्षं हेच केलं. तिथल्या नेमबाजांनी मग तीच ९ मिमीची गोळी दोन मिलिमीटर लांब पुंगळीत बसवून घेतली आणि कायद्याच्या बाजूने निघून गेले! अखेर २०२१ साली सरकारने तो हट्ट सोडला. अमेरिकेत तर बंदूक तीच, फरक फक्त मॅगझिनचा. १९९४ ते २००४ या काळात नव्या मॅगझिनमध्ये नागरिकाला दहाच गोळ्या. पोलिसांच्या ग्लॉक-१७ला मात्र पुऱ्या सतरा.

आपल्याकडे परवान्याचीही गंमत आहे. वलवण पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, म्हणून अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्याच मावळ तालुक्यातलं तळेगाव २०१८पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, तिथे परवाना देणार पोलीस आयुक्त. पण ९ मिमी हवं असेल तर या दोघांच्याही हातात काही नाही. ते दार दिल्लीत, केंद्रीय गृहखात्याकडे. विनापरवाना .३२ सापडलं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं. ९ मिमी सापडलं तर सात ते चौदा.

आणि ही दोन्ही काडतुसं बनतात कुठे? लोणावळा लोकल पकडा आणि खडकीला उतरा. १८६९ साली सुरू झालेला तिथला दारूगोळा कारखाना दोन्ही घराण्यांना काडतुसं पुरवत आला आहे. पितळी पुंगळीचं बूड उजेडात धरलं की कोरलेली अक्षरं दिसतात: केएफ, म्हणजे किर्की (खडकी) फॅक्टरी. पोलिसांच्या ९ मिमीवर तेच, परवानाधारकाच्या .३२वरही तेच.

खरा चक्रावून टाकणारा हिशेब पुढेच आहे. डिसेंबर २०१६अखेर देशात शस्त्रपरवाने होते ३३,६९,४४४. त्यांतले उत्तर प्रदेशात १२,७७,९१४ आणि महाराष्ट्रात ८४,०५०. २०११च्या जनगणनेने भागलं तर तिकडे १५६ माणसांमागे एक परवाना, इकडे १,३३७ माणसांमागे एक. तेव्हा एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत (आता दोनच), म्हणजे कायदेशीर शस्त्रं फार तर एक कोटीच्या आसपास. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हाच्या संस्थेचा २०१७चा अंदाजही नोंदणीकृत ९७ लाख असाच आहे. पण त्याच अंदाजानुसार भारतात नागरिकांच्या हातातली एकूण शस्त्रं आहेत ७ कोटी ११ लाख. म्हणजे सहा कोटींहून जास्त शस्त्रांना परवाना नाही, नोंद नाही.

ही सहा कोटी शस्त्रं मिलिमीटर मोजत बसत नाहीत. गावठी पिस्तूल बनवणारा बोअर निवडतो तो कायदा बघून नव्हे, काडतूस मिळण्याची सोय बघून. आणि सोयीचा बोअर म्हणजे अनेकदा ७.६५ मिमी, अर्थात तेच नागरिकांचं .३२. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात आणि पत्रकार गौरी लंकेश यांच्यावर ५ सप्टेंबर २०१७ला बेंगळुरूत गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच बोअरच्या. सहाव्या मजल्यावरून पडलेलं मापही माणूस मारायला पुरेसं असतं. हद्द आखलेली आहे ती फक्त अर्ज करणाऱ्यांसाठी.