वंदेवरील बांडगुळाचा आरोप

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात, जेथे गुजरातीच्या जोडीने अहिराणी सहज कानी पडते, तेथून पूर्वेकडे व्यारा-सोनगड ओलांडून डांगच्या पानगळी रानात शिरल्यावर आंब्याच्या वा मोहाच्या खोडाला बिलगलेली ‘वंदा’ कोणी दाखवली, तर पाहणारा ‘हे बांडगूळच’ म्हणून मोकळा होतो. हा न्याय नव्हे. बांडगूळ आपली मुळे आश्रयवृक्षाच्या अंगात खुपसून त्याच्या रसातून परस्पर वसुली करते. वंदा ही आमरी (ऑर्किड) कुळातली अपिवनस्पती खोडावर केवळ मुक्कामापुरती जागा घेते, आणि पाऊस, दव व सालीच्या खाचेत कुजलेला पाचोळा एवढ्यावर तिचा संसार चालतो. तिची बोरूएवढी जाड, राखी मुळे हवेत लोंबत असतात. त्यांवर चार थेंब पाणी शिंपडून पाहत राहावे: मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण पाणी टिपते आणि आतला हिरवा रंग बघता बघता वर उमटतो.

मौज अशी, की संस्कृतात ‘वंदा’ म्हणजेच बांडगूळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम जोन्स यांनी हा शब्द वनस्पतिशास्त्रात नेला आणि खोटा आरोप कायमचा दप्तरदाखल झाला.

चरकाने वातहर द्रव्यांत ज्या रास्नेला अग्रमान दिला, ती कोणती, हा दावा मात्र जुना आणि गुंतागुंतीचा आहे. बंगालात वंदेची मुळे, दक्षिणेत कुलिंजनाचे कंद, तर उत्तरेत प्लुकिया नावाच्या झुडपाची पाने रास्ना म्हणून खपतात, आणि सरकारी आयुर्वेदीय औषधसंहितेने कौल दिला आहे तो प्लुकियाला. वंदेचे मूळ सांधेदुखीवर, पानांचा लेप तापात आणि पानांचा रस कानदुखीवर वापरण्याची परंपरा आहे. कानाच्या बाबतीत, पडद्याला छिद्र असल्यास हा प्रयोग अंगलट येईल, असे मला वाटते.

मूळ काढले की झाड गेले, आणि दुसरे लवकर येत नाही. कारण धुळीसारख्या बारीक बियांत शिदोरी नसते, योग्य बुरशीची साथ लाभली तरच त्या रुजतात. वन्य आमरींचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, पण काष्ठौषधींच्या दुकानातल्या पुडीपर्यंत त्याची नजर पोचत नाही. तेव्हा रास्ना मागितल्यावर पुडी तेथेच उघडून आत मूळ आहे की पान, हे गिऱ्हाइकाने स्वतःच पाहावे.