डीजेला बयाणा देण्याआधी कागदावर काय हवं?

जयंतीची वर्गणी गोळा होऊ लागली की मंडळाच्या बैठकीत डीजेचा विषय निघतोच. पाठोपाठ मे महिन्यातल्या हळदी आणि लग्नं येतात. नायगाव, परळ, लालबाग, दादर, गिरगाव, कुठेही जा, व्यवहार बहुतेक तोंडीच होतो. ओळखीचा मुलगा, फोनवर ठरलेली रक्कम आणि हातात ठेवलेला बयाणा. पुढे पोलीस आले किंवा कुणाला शॉक बसला, की जबाबदारी कुणाची यावर भांडण सुरू होतं.

आरोग्याच्या पानावर कराराची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण आवाज किती, किती वेळ आणि वीज कुठून, या तीन गोष्टी त्या कागदावरच ठरतात. आपल्या घरच्यांचे कान आणि जीव त्यावर अवलंबून असतात.

आधी कानाचं समजून घेऊ. आपलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. 85 डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. डीजेच्या भिंतीजवळ आवाज सहज 100 च्या वर जातो आणि आपली पोरं तिथे तीन-तीन तास नाचतात. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. तान्हं बाळ, हृदयाचे रुग्ण, रक्तदाबाचे म्हातारे यांना तर खोली सोडून जायलाही जागा नसते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी लावली तरी बेसचा दणका भिंतीतून येतो.

आता बयाणा देण्याआधी काय तपासायचं ते पाहू.

सामान आणि माणूस. किती टॉप, किती बेस, मशीनवर कोण बसणार, हे लिहून घ्या. अरुंद गल्लीत दोन बेस पुरतात. ‘मोठा सेट त्याच पैशात देतो’ म्हणाला तरी नको म्हणा.

वेळ. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम, 2000 चा कायदा आहे. वर्षातल्या मोजक्या सणांना सरकार रात्री 12 पर्यंत सवलत देतं. यंदा ते दिवस कोणते हे पोलीस ठाण्यात विचारा. घरच्या हळदीला अशी सवलत नसते. कागदावर बंद करायची वेळ 9.45 लिहा.

आवाज. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढंच चालतं. म्हणजे आपल्या वस्तीत दिवसा 65. मोबाईलच्या ॲपवर साधारण अंदाज येतो. परळमध्ये केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं जवळजवळ आहेत. शांतता क्षेत्रात मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 असते. आपली गल्ली त्यात येते का, हे आधी विचारून घ्या.

परवानगी. ‘पोलिसांचं मी बघतो’ यावर विसंबू नका. परवाना कुणाच्या नावावर आहे ते पाहा. प्रत हातात आल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. 2018 मध्ये विसर्जनात डीजे वाजवता यावा म्हणून साउंडवाल्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने तेव्हा दिलासा दिला नाही. सामान जप्त झालं तर नुकसान कुणाचं, हेही लिहून ठेवा.

वीज. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढू देऊ नका. बेस्टची तात्पुरती जोडणी घ्या. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच. जनरेटर खिडक्यांपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवा, त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो. जुन्या चाळीच्या लाकडी गॅलरीला स्पीकर बांधू देऊ नका. ॲम्ब्युलन्सची वाट मोकळी राहिली पाहिजे.

लेझर. लेझरची तिरीप डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकते. कागदावर ‘लेझर नाही’ असं स्पष्ट लिहा.

पैसे. बयाण्याची सहीची पावती घ्या. पाऊस आला, कार्यक्रम रद्द झाला किंवा डीजे आलाच नाही, तर किती पैसे परत मिळणार ते ठरवा. पावती असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

मशीनवर बसणारा मुलगाही बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. त्याला रोज रात्री हाच आवाज सोसावा लागतो. कापसाचा बोळा पुरत नाही, औषधाच्या दुकानात कानात घालायचे प्लग मिळतात. कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिटी वाजत असेल, तर केईएम, नायर, सायन किंवा जे. जे. मध्ये कान-नाक-घसा विभागात दाखवा. एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो.

जयंतीच्या दिवसांत बऱ्याच घरांत परीक्षा चालू असतात. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत राहायचे. वस्ती शांत असताना अभ्यास व्हावा म्हणून वडील त्यांना पहाटे दोनला उठवत. आज आपल्या वस्तीतही अभ्यासाला बसलेलं पोर असतं, हे डीजे ठरवताना बैठकीत कुणीतरी बोललं पाहिजे.

पुढचा मजकूर साध्या कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा:

‘टॉप ..., बेस ... इतकेच लावू. ... वाजता सुरू करून 9.45 ला बंद करू. आवाज कमी करा असं यजमानांनी सांगितलं की लगेच कमी करू. लेझर लावणार नाही. पोलीस परवान्याची प्रत दोन दिवस आधी देऊ. बयाणा रु. ... मिळाला. आमच्यामुळे कार्यक्रम रद्द झाल्यास तो पूर्ण परत करू.’

यावर सही करायला जो कुरकुर करेल, त्याला बयाणा देऊ नका.