बाहेरून कडी लावली, लेकरू सुरक्षित झाले का?

सुट्टीच्या दुपारी भिवंडीच्या कोणत्याही वस्तीत फिरा. आई गोदामात पॅकिंगला गेलेली, बाप लूमवर, आणि खोलीला बाहेरून कडी. आत दोन-तीन लेकरे, एक टीव्ही, एक जुना मोबाईल. आम्ही गृहभेटीला जातो तेव्हा खिडकीच्या गजातूनच उत्तर येते, "सिस्टर, मम्मी सहाला येणार." संध्याकाळी आईला विचारले तर ती म्हणते, "काय करणार ताई? बाहेर कंटेनर, चेंबर उघडे, वायरी लोंबतात, पोरं पळवणारे फिरतात म्हणे. घरात तरी आहेत."

तिची भीती खोटी नाही. बारा तासांची पाळी करणाऱ्या बाईला आम्ही शहाणपण शिकवायला निघालेलो नाही. पण मायबहिणींनो, 'घरात तरी आहेत' या शब्दांवर जरा थांबू या. आमच्यापैकी बहुतेकींनी वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत उमेदीची वर्षे काढली. झाडावरून पडलेली पोरे तिथे येत. पण ज्यांच्या आठवणीने आजही झोप उडते ती बहुतेक घरातून आलेली असत. आंघोळीचे उकळते पाणी अंगावर ओतून घेतलेले, डाळीचे पातेले ओढलेले, कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेले संडास धुण्याचे अॅसिड प्यालेले, पोटमाळ्याच्या शिडीवरून खाली आलेले, पाण्याच्या ड्रममध्ये वाकून डोके आत गेलेले. रांगत्या बाळाला बुडायला विहीर लागत नाही, बादलीतले वीतभर पाणी पुरते. आणि दाराला बाहेरून कडी असताना आतल्या गॅसने पेट घेतला तर ती कडी कोण काढणार? एवढा एकच प्रश्न आम्ही प्रत्येक घरी विचारतो. कामावर जाताना किल्ली शेजारणीकडे ठेवा, कुलूप लावूच नका तर उत्तम.

धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग आपण विसरलेलो नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे ती कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली, त्यांत कितीतरी लहान मुले होती. ती मुले कुठल्या झाडावर चढली नव्हती की रस्त्यावर पळत नव्हती. आपल्या घरात, आईबापाच्या शेजारी झोपली होती.

मग पोरांना मोकळे सोडून द्यायचे का? तसेही नाही. आमचे म्हणणे असे की धोका दोन प्रकारचा असतो आणि आपण त्यांची गल्लत करतो.

एक धोका लेकराला दिसतो. झाड किती उंच, गटारावरची उडी किती लांब, सायकल किती जोरात, समोरचा पोरगा कुस्तीत किती दांडगा, हे त्याला डोळ्यांनी कळते. थोडे चढते, पाय लटपटला की खाली येते, उद्या आणखी एक फांदी वर जाते. गुडघा फुटतो, तेवढ्यात अंदाज पक्का होतो. दुसरा धोका लेकराला दिसतच नाही. रिव्हर्स घेणाऱ्या कंटेनरच्या ड्रायव्हरला मागचे पोर दिसत नाही हे पोराला काय माहीत? पावसाच्या पाण्याखाली चेंबरला झाकण नाही, लोखंडी खांबात करंट उतरला आहे, खदाणीत दोन पावलांवर एकदम खोल आहे, भिंत वरून रंगवलेली पण आतून पोकळ आहे, हे त्याला समजणार कसे? नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेगसुद्धा नीट मोजता येत नाही, त्यांची नजर आणि मेंदू अजून तयार होत असतात. 'लक्ष देऊन चाल' म्हणून तिथे भागत नाही. तिथे मोठ्यांनीच मध्ये उभे राहायचे असते.

आपण करतो नेमके उलटे. पोर कठड्यावर चढले की ओरडतो, आणि उघड्या चेंबरला बाजूने वळसा घालून दोन-दोन वर्षे कामावर जातो.

बाबासाहेबांच्या लहानपणची मसूर स्टेशनची हकिकत आपल्या घराघरात माहीत आहे. १९०१ साली नऊ-एक वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडले नव्हते, म्हणून घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर बैलगाडी मिळाली. ही हकिकत आपण अस्पृश्यतेची म्हणून सांगतो, आणि ती तीच आहे. पण आरोग्याचे काम करणाऱ्यांच्या नजरेने तीत आणखी एक गोष्ट दिसते. अनोळखी वाटेवर बैल हाकणे त्या पोरांनी केले. रात्रभर घोटभर पाणी मिळू नये, हे मात्र कोणत्याही पोराने पेलायचे ओझे नव्हते. ते हटवायला पुढे महाडला हजारो माणसे चालून जावी लागली.

पोरे पळवणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे, कारण दाराला कडी लावण्याचे ते पहिले कारण सांगितले जाते. व्हॉट्सअॅपवर दर दोन-तीन वर्षांनी तोच व्हिडिओ फिरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ते मुले पळवणारे नव्हते. पोटासाठी गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, आपल्यासारखेच गरीब लोक होते. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, पोलीस ठाण्यात विचारा. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, सरकारचे गुन्ह्यांचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतात. शेजारचा, नात्यातला, घरी येणारा-जाणारा. त्याला कडी अडवत नाही. त्याला अडवते ते घरी येऊन सगळे सांगणारे लेकरू. ज्या घरात 'बाहेर कशाला गेली होतीस?' म्हणून आधी थोबाडीत बसते, त्या घरातली मुलगी तोंड उघडत नाही. १०९८ हा नंबर मुलांना पाठ करून द्या.

मुलींचे तर विचारूच नका. भाऊ दहा वर्षांचा झाला की त्याला दुकानावर पाठवतात, बहीण बाराची झाली की तिला दारातूनही हलू देत नाहीत. ज्या वयात उड्या मारून, धावून हाडे घट्ट व्हायची असतात, त्याच वयात ती खोलीत बसून राहते. ऊन अंगाला लागत नाही, म्हणजे 'ड' जीवनसत्त्व बनत नाही. मोबाईल डोळ्यांजवळ धरून लांबचे अंधुक दिसू लागते. रोज उजेडात बाहेर काढलेला वेळ मुलांचा चष्मा लांबवतो, हे तैवानने २०१० पासून शाळांतल्या मुलांना रोज दोन तास बाहेर काढून दाखवून दिले आहे. पाळी आली म्हणजे खेळ बंद, असे वैद्यकशास्त्रात कुठेही लिहिलेले नाही.

परदेशात हा विचार बराच झाला आहे. डेन्मार्कच्या सोरेन्सन नावाच्या बागरचनाकाराच्या लक्षात आले की आपण बांधलेल्या सुंदर मैदानांपेक्षा मुलांना भंगारात आणि अर्धवट बांधकामात खेळायला आवडते. मग १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला मुलांसाठी मुद्दाम भंगाराचे मैदान उघडले, देखरेखीला एक मोठा माणूस ठेवून. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी अशा खेळाचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, हत्यारे, आग-पाण्याजवळचा खेळ, झटापट, आणि मोठ्यांच्या नजरेआड हिंडणे. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये असा खेळ मुलांना लागतो असे सांगितले. तिथे फूटपाथ आहेत, बागा आहेत, चेंबरला झाकणे आहेत. त्यामुळे त्यांचे बोलणे उचलून आपल्या वस्तीत जसेच्या तसे आणता येणार नाही. पण सुताचे रिकामे कोन आणि पुठ्ठ्याचे खोके घेऊन आपली पोरे गल्लीत जे गाव उभे करतात, ते पाहायला सोरेन्सनसाहेब आले असते तर खूश झाले असते.

घरात आणि गल्लीत काय करता येईल

चढणाऱ्या लेकराला उचलून वर ठेवू नका. जिथवर त्याला स्वतः चढता येते तिथवर बहुधा उतरताही येते. 'पडशील, पडशील' असे ओरडले की पोर आपल्याकडे बघते आणि हात सुटतो. त्याऐवजी विचारा, "आता पाय कुठे ठेवणार?" दुकानावर पहिल्यांदा सोबत जा, मग दहा पावले मागून, मग एकटे पाठवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला, हो, मुलालाही, शेजारी बसवून भेंडी चिरायला द्या. रस्ता ओलांडायचा असेल तिथे मात्र हात सोडू नका, त्याला कितीही लाज वाटो.

घरातले ड्रम घट्ट झाका, बादली वापरून झाली की उपडी करा, अॅसिड आणि रॉकेल खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. कामवारी नदी, तलाव, खदाण इथे मोठ्या माणसाशिवाय नाही, हा नियम मोडू देऊ नका. जगात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात आणि त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची लेकरे असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोहायला शिकवण्याची सोय झाली तर मुलींनाही पाठवा.

आम्ही काही गल्ल्यांत महिलांना एक साधी गोष्ट सुचवली. संध्याकाळी पाच ते सात गल्लीच्या तोंडाला बांबू आडवा, गाडी बंद, आणि रोज एकीने खुर्ची टाकून बसायचे. खेळात पडायचे नाही, फक्त असायचे. विहाराचे अंगण असेल तर आणखी चांगले. रविवारची वंदना झाल्यावर पोरांना लगेच हाकलू नका. गोदामाच्या गेटवर मालकाला भेटून सांगा की गाडी मागे घेताना क्लीनर खाली उतरलाच पाहिजे. हे बोलायला पाच बाया एकत्र गेल्या तर ऐकले जाते, एकटी गेली तर नाही.

उघडे चेंबर, लोंबती वायर, धोकादायक इमारत यांचा अर्ज प्रभाग समितीच्या किंवा वीज कंपनीच्या ऑफिसात लेखी द्या, सोबत फोटो लावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रारीला पुरावा राहत नाही. आपल्या भागात विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी कोणती जागा राखीव आहे आणि आज तिथे काय उभे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचे मैदान हवे असे स्पष्ट आहे, आणि खेळ हा मुलांचा हक्क मानणाऱ्या बालहक्क करारावर भारताने १९९२ मध्येच मान्यतेची मोहोर उमटवली आहे. मैदान म्हणजे उपकार मागितल्यासारखे बोलायची गरज नाही.

पडले तर

पडल्यावर मार मिळतो हे ठाऊक असलेले पोर डोक्याचा मार लपवते. आमच्याकडे अशी मुले दुसऱ्या दिवशी येतात, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पडून आलेल्या लेकराला आधी जवळ घ्या, काय झाले ते ऐका, रागवायचे ते उद्या.

खरचटले तर साबण-पाण्याने स्वच्छ धुवा, हळद-चुना भरू नका. भाजले तर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको. हात वाकडा दिसत असेल तर ओढून बसवू नका, पुठ्ठ्यावर बांधून जसाच्या तसा दवाखान्यात न्या. करंट लागला तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा. डोक्याला मार लागला असेल तर दोन दिवस लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, हाक मारूनही न उठणारी झोप, बडबड, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, यातले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन लावा. ही लक्षणे शेजारणीलाही सांगून ठेवा. दुपारी वस्तीत तीच असते.