चौथा पत्ता

जुन्या प्रिंटरला मागे लॅन पोर्ट असतो, वायफाय नसतं. राउटर बाहेरच्या खोलीत, मधे दगडी भिंत, आणि भिंत फोडायला घरमालक तयार नाही. अशा वेळी ब्रिज मोडवर चालणारा छोटा ॲक्सेस पॉइंट आणायचा, त्याची केबल प्रिंटरमध्ये खोचायची, घरच्या वायफायचा पासवर्ड त्याला द्यायचा. प्रिंटर निघाला! आता त्या डबीत काय चालतं ते बघा.

तारेवर माहितीच्या प्रत्येक फ्रेमवर दोन पत्ते पुरतात: कुणाकडून, कुणाला. एकेक पत्ता, म्हणजे मॅक ॲड्रेस, ४८ बिटांचा. हवेत एवढ्यावर भागत नाही, म्हणून वायफायच्या नेहमीच्या फ्रेमवर तीन असतात. मधल्या ॲक्सेस पॉइंटचाही, म्हणजे घरच्या राउटरचाही, पत्ता लागतो. शिवाय फ्रेम पोचली की ऐकणाऱ्याने लगेच पोच द्यायची. २.४ गिगाहर्ट्‌झवर त्याआधीची उसंत किती? सेकंदाचा एक लाखावा भाग! पोच आली नाही, तर फ्रेम पुन्हा. (ही रीत हवाई विद्यापीठाच्या १९७१ च्या अलोहा रेडिओ-नेटवर्कातही होती. त्यावरूनच सुचलेल्या इथरनेटने ती सोडली, कारण तारेवर टक्कर झालेली थेट कळते.)

गोची इथेच आहे. तीन पत्त्यांच्या हिशेबात मोबाइलसारखं यंत्र स्वतःचंच बोलतं, असं धरलेलं असतं. डबी प्रिंटरच्या पत्त्याने बोलली, तर राउटर तिला उभं करत नाही: हा पत्ता कधी पासवर्ड देऊन आत आलेलाच नाही. उलट दिशेने प्रिंटरच्या नावाने फ्रेम सोडली, तर पोच देणार कोण? प्रिंटरला रेडिओच नाही.

बऱ्याच स्वस्त डब्या मग सोंग घेतात. प्रिंटरचा पत्ता खोडून स्वतःचा घालतात आणि कुठला आयपी कुणाचा, हे लक्षात ठेवतात. लॅपटॉपवरून प्रिंटर आणि डबी दोघांशी संपर्क साधून मग एआरपीची यादी (कुठल्या आयपीला कुठला पत्ता) काढा: आयपी दोन, मॅक ॲड्रेस एकच. चोरी पकडली! छपाई होते, आयपीवाचूनचं संभाषण मात्र अडतं.

सरळ उपाय वायफायच्या १९९७ च्या ८०२.११ मानकातच होता. फ्रेमच्या सुरुवातीला दोन बिटं असतात. दोन्ही ‘एक’ केली की एरवी नसलेली सहा बाइटांची जागा उघडते, चौथ्या पत्त्याची. पाकिटावर ‘द्वारा’ लिहून दुसऱ्याचं नाव घालावं, तसं. बोलणारा कोण आणि मूळ पाठवणारा कोण, दोन्ही वेगळे राहतात. जागा ठेवली ही दूरदृष्टी. ती वापरायची कशी हे पुरतं न लिहिणं हा मात्र शुद्ध आळस. डब्ल्यूडीएस या एकाच नावाखाली कंपन्यांनी आपापल्या तऱ्हा काढल्या, म्हणून दोन्ही टोकांची यंत्रं एकाच कंपनीची घेतलेली बरी.

तेवढं जमलं, की डबीमागे स्विच लावून प्रिंटर, टीव्ही, जुना डेस्कटॉप सगळे जोडा. राउटरला प्रत्येकाचा खरा मॅक ॲड्रेस दिसतो.